कार्बन कर: मथळ्यात मावलेला आणि न मावलेला

रात्रपाळी

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर रात्रपाळी करते, परदेशी पान माझ्याकडे असतं. गोष्ट मार्च २०२५ मधली. पान सुटायला वीस मिनिटं उरली होती आणि एजन्सीची कॉपी आली: कॅनडाचे नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी शपथ घेतली त्याच दिवशी सामान्य ग्राहकांवरचा कार्बन कर काढून टाकला, अंमल १ एप्रिलपासून. जागा दोन कॉलमी, मथळ्याला तेरा अक्षरं. ‘कार्बन कर रद्द’ असं ठोकलं. मोकळ्या जागा धरून नऊ. टाइप जरा मोठा केला आणि पान सोडलं.

उरलेली कॉपी मी पान सोडल्यावर वाचली. (हसू नका, डेस्कवर काम केलेल्यांना हा क्रम माहीत आहे.) खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं की या करातून जमणारे बहुतेक पैसे लोकांनाच परत दिले जात होते, दर तीन महिन्यांनी, थेट खात्यात. एप्रिलमध्ये शेवटचा हप्ता जाणार आणि तेही थांबणार. म्हणजे खरा मथळा होता ‘कर गेला, परतावाही गेला’. पंधरा अक्षरं होतात. दोन जास्त.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. हा कर २०१९ मध्ये इंधनातून निघणाऱ्या टनभर कार्बन डायऑक्साइडमागे २० कॅनडियन डॉलरने सुरू झाला आणि २०२४ मध्ये ८० वर पोचला. पंपावर तो लिटरला १७.६ सेंट असा दिसायचा. टाकी भरली की दर आठवड्याला डोळ्यांसमोर. परताव्याचं मात्र उलट. आधी तो वार्षिक विवरणपत्रात वळता व्हायचा, म्हणजे कुणाच्या लक्षातही यायचा नाही. २०२२ पासून खात्यात जमा व्हायला लागला, पण पासबुकात कुठल्याशा सरकारी संक्षेपाने. ओंटारिओतल्या चौघांच्या कुटुंबाला २०२४-२५ साठी वर्षाला ११२० डॉलर बसत होते, आणि अनेकांना आपल्याला असं काही मिळतं हेच ठाऊक नव्हतं! सरकारने २०२४ मध्ये त्याचं नाव बदलून सरळ ‘कॅनडा कार्बन रिबेट’ केलं, बँकांना नीट नाव छापायला सांगितलं. तोवर विरोधी नेते पियेर पॉलिएव यांची ‘ॲक्स द टॅक्स’ (कर छाटा) ही घोषणा टी-शर्टवर छापून झाली होती. तीन शब्द. ती कुठल्याही कॉलमात बसते.

टीव्हीवर हवामान धोरणाची चर्चा लागली की अजूनही ‘हे खरं आहे की थोतांड’ इथूनच सुरुवात होते. मला वाटतं, ते भांडण केव्हाच शिळं झालंय. खरं भांडण पैसे कुणाच्या खिशातून जाणार आणि कुणाला दिसणार, याचं आहे. आणि ते आम्ही बातमीदार मंडळी धड दाखवत नाही, कारण मथळ्यात एकच बाजू मावते. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

पंधरा अक्षरांसाठी पृथ्वी बुडाली म्हणायची.

शंकासुर

ताई, प्रामाणिक लिहिलंय, म्हणून प्रामाणिक उत्तर. मला ‘नाकारणारा’ या खुर्चीत बसवण्याआधी सांगतो: तापमान वाढलंय, कोळसा आणि तेल जाळून वाढलंय, मान्य. माझी शंका थर्मामीटरवर नाही, बातमी सांगणाऱ्यांवर आहे.

दोन उदाहरणं. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या शास्त्रीय समितीचा, २००७ चा अहवाल. त्यात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, नाहीशा होऊ शकतात. नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा टिपणवजा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अशा झपाट्याला पुरावा नाही असं म्हटलं होतं. आयपीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला ‘वूडू सायन्स’ (जादूटोण्याचं विज्ञान) म्हणून उडवून लावलं. आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीनेच २०३५ ची चूक कबूल केली! तो आकडा कुठल्याही तपासलेल्या शोधनिबंधातून आला नव्हता, एका संस्थेच्या पुस्तिकेतून उचलला होता. हिमनद्या वितळतायत हे खरंच आहे. पण शंका घेणाऱ्याला मांत्रिक म्हणायचं आणि दोन महिन्यांनी माफी मागायची, यानंतर माणसाने विश्वास कुठून आणायचा?

दुसरं, आयपीसीचाच ऑक्टोबर २०१८ चा अहवाल, तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याबद्दलचा. त्याचं म्हणणं असं की वाढ दीड अंशाच्या आसपास थोपवायची तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत साधारण ४५ टक्क्यांनी खाली यायला हवं आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढं सोडलं तेवढंच परत शोषलं जाईल असं. मथळ्यात काय आलं? ‘बारा वर्षं उरली’. पाटीवर लिहून पोरं रस्त्यावर उतरली. २०३१ साली सूर्य उगवला की लोक हसणार, आणि हसण्याचा दोष अहवालावर येणार. तुमचा ‘कार्बन कर रद्द’ आणि हा ‘बारा वर्षं’ एकाच मापाचे आहेत.

रात्रपाळी

@शंकासुर, बारा वर्षांचं मान्य, विनाअट. आमच्याकडेही तसाच मथळा गेला होता.

पण आमच्या धंद्याचं याहून मोठं पाप दुसरं आहे, ते म्हणजे ‘दोन्ही बाजू’. बोयकॉफ बंधूंनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या चार मोठ्या दैनिकांची १९८८ ते २००२ ची कात्रणं तपासली. निम्म्याहून जास्त बातम्यांत, ५३ टक्के, ‘माणसामुळे’ आणि ‘निसर्गामुळे’ या दोन मतांना साधारण सारखीच जागा होती. विज्ञानात ती तशी नव्हती. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. सवयीने तराजू धरला आणि तराजूनेच खोटं सांगितलं.

ऑगस्ट २०१७ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर, सकाळच्या सर्वात वजनदार कार्यक्रमात, माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन बोलले की गेल्या दहा वर्षांत जगाचं सरासरी तापमान उलट थोडं घटलंय. साफ चुकीचं. मुलाखत घेणाऱ्याने अडवलं नाही. नियामक ऑफकॉमने २०१८ मध्ये ठपका ठेवला, आणि त्याच वर्षी बीबीसीने आपल्याच लोकांना लेखी कळवलं की समतोलासाठी नाकारणारा शोधून आणायची गरज नाही. पॅरिस करार २०१५ चा, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी!

मी त्या मुलाखतकाराच्या जागी असते तर अडवलं असतं का? थेट प्रक्षेपणात, समोर माजी अर्थमंत्री, हाताशी आकडा नाही. नसतं अडवलं.

पानगळ

धागा आवडला. भाषेच्या बाजूने थोडं.

आपल्याकडे घोळ शब्दापासूनच आहे. शाळेच्या भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ यांतला फरक शिकवतात. हवा म्हणजे आज-उद्याची स्थिती, हवामान म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. आणि मग आपण बाहेर पडतो आणि ‘हवामान खातं’ उद्या पाऊस पडणार का ते सांगतं. तेव्हा ‘हवामान बदल’ म्हटलं की ऐकणारा म्हणतो, त्यात काय, हवामान तर रोजच बदलतं. त्याची चूक नाही. शब्दानेच त्याला तसं शिकवलंय. माझ्या वडिलांना मी तीनदा समजावलं असेल. तिसऱ्यांदा ते म्हणाले, मग हवामान खात्याचं नाव बदला आधी.

इंग्रजीत दोन वेगळे शब्द असूनही राजकारण त्यातच शिरलं. अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचा सल्लागार फ्रँक लुंट्झ याचं २००२ च्या सुमाराचं टिपण प्रसिद्ध आहे. ‘ग्लोबल वॉर्मिंग’ ऐकून लोक घाबरतात, ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, असा सल्ला. पाहणीतल्या कुणाला तो शब्द ऐकून पिट्सबर्गहून फोर्ट लॉडरडेलला निघाल्यासारखं वाटलं होतं, म्हणजे थंडीतून उन्हात, सुट्टीवर. शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, हा मुद्दा धरून ठेवा, हेही त्याच टिपणात. २०१९ मध्ये हाच माणूस सिनेटमधल्या डेमोक्रॅट सदस्यांच्या समितीसमोर आला आणि तेव्हा मी चुकलो म्हणाला.

शंकासुर

पानगळताई, हवा-हवामान एकदम पटलं. लुंट्झबद्दल मात्र एक दुरुस्ती. ‘क्लायमेट चेंज’ त्याने शोधलेला नाही. आयपीसी १९८८ ची, तिच्या नावातच तो शब्द आहे. त्याने तयार शब्द उचलून पुढे केला.

आता ‘विज्ञानात तराजू तसा नव्हता’ याबद्दल. पुढचा प्रतिसाद ९७ टक्क्यांचा येणार, म्हणून आधीच लिहितो. २०१३ च्या त्या अभ्यासात सुमारे १२ हजार निबंधांचे सारांश वाचले. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश सारांशांनी कारणाबद्दल काही म्हटलंच नव्हतं. ज्यांनी म्हटलं त्यांतले ९७ टक्के माणसाकडे बोट दाखवतात. तुमच्या माध्यमांत याचं ‘९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात’ झालं.

धूमकेतू

@शंकासुर: भूगर्भशास्त्राचे निबंधही ‘पृथ्वी गोल आहे’ असं सारांशात लिहीत नाहीत हो. बाकी दोन तृतीयांश गप्प होते, विरोधात नव्हते.

शंकासुर

ते मान्यच. मी वाक्य दुरुस्त करतोय, विज्ञान नाही. या धाग्याचा विषयच वाक्यं आहे ना?

मीटरवाला

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं. वीजबिल छापणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी नऊ वर्षं काम केलंय. रात्रपाळी म्हणतात ते अक्षरांचं, मी ओळींचं सांगतो.

एकदा वरून आदेश आला की अमुक आकार आतापर्यंत युनिटच्या दरात मिसळलेला होता, तो आता वेगळ्या ओळीत दाखवा. पारदर्शकता म्हणून. दर तेवढाच खाली आणला, एकूण रकमेत पैशाचा फरक नाही. मी स्वतः शंभर बिलं हाताने पडताळली होती. पहिला महिना संपायच्या आत तक्रारींचा असा ढीग लागला की विचारू नका. ‘हा नवीन आकार कशाचा?’ मागच्या महिन्याचं बिल शेजारी ठेवून बेरीज दाखवली तरी लोक म्हणायचे, ते असू द्या, हा काढा. माणूस बेरीज वाचत नाही, ओळ वाचतो.

याचं उलटं उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१० पासून कोळशावर उपकर होता, टनाला ५० रुपये. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. सहा वर्षांत आठपट! एक मोर्चा आठवतोय? एक तरी पॅनेल चर्चा? नाही, कारण तो खाणीच्या तोंडाशी लागायचा आणि विजेच्या दरात विरघळून यायचा. ओळच नव्हती. कार्बनचा कर म्हणून कुणी त्याला ओळखलंही नाही.

पण पुढचं ऐका. तो पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तोच उपकर राज्यांना भरपाई देण्याच्या खात्यात वळवला गेला. त्यावरही मोर्चा नाही. जो कर दिसला नाही तो कुठे गेला हे तरी कोण विचारणार?

तर दाखवला तर मारतात, लपवला तर पळवतात. मला उत्तर माहीत नाही. बिल कसं छापायचं एवढंच माहीत आहे.

तिरकस

+१. ‘माणूस बेरीज वाचत नाही, ओळ वाचतो’ हे कुठेतरी लिहून ठेवतो.

रात्रपाळी

मीटरवाला, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहे. कोळशाचा उपकर चालू होता ती सगळी वर्षं मी नोकरीत होते. माझ्या पानाचा विषय नव्हता हे खरं, पण ज्यांच्या पानाचा होता त्यांनीही अर्थसंकल्पाच्या दिवशी ‘काय स्वस्त, काय महाग’ या चौकटीत एक ओळ दिली असेल, बस.

धूमकेतू

मीटरवाल्यांच्या ओळीवर ऑस्ट्रेलिया अगदी चपखल बसतं. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड निवडणुकीआधी म्हणाल्या होत्या, माझ्या सरकारात कार्बन कर नसेल. मग १ जुलै २०१२ पासून टनाला २३ ऑस्ट्रेलियन डॉलर अशी कार्बनची किंमत लागू केली. थेट भरायची होती ती काहीशे मोठ्या उद्योगांनी. पुढे ती बाजारावर सोडून उत्सर्जनाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीत बदलायची होती. भरपाई म्हणून आयकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६००० वरून १८,२०० डॉलर केली, म्हणजे तिप्पट! विरोधात टोनी ॲबट, घोषणा तीच, ‘ॲक्स द टॅक्स’ (कॅनडाने ती नवीन शिवलेली नाही, जुनीच धुऊन घातली). ॲबट निवडून आले, जुलै २०१४ मध्ये कर गेला.

गंमत पुढे. ॲबट यांच्या तेव्हाच्या मुख्य सहायक पेटा क्रेडलिन यांनी २०१७ मध्ये टीव्हीवर सांगून टाकलं की तो कार्बन कर नव्हताच, आम्ही त्याला कर बनवलं, पर्यावरणाचं भांडण खिशाचं करून टाकलं. कॅमेऱ्यासमोर, हसत. मला त्यांचा राग आला नाही. आपलं काम कसं केलं ते कारागिरासारखं सांगितलं त्यांनी. राग आला तो ज्यांना कर आणि किंमत यांतला फरक तीन वर्षं सांगता आला नाही त्यांचा. गिलार्डही एका मुलाखतीत ‘म्हणा हवं तर कर’ अशा अर्थाचं बोलून गेल्या होत्या. तिथेच सामना संपला.

आणि हो, तिथे कॅनडाच्या उलट झालं. कर गेला, आयकरातली सवलत तशीच राहिली. ती परत घ्यायची छाती कुणाची?

पारंबी

ब्रिटनचं राहिलं. २० सप्टेंबर २०२३. पंतप्रधान ऋषी सुनक भाषणात एकेक गोष्ट ‘रद्द’ करत सुटले. घराघरात सात वेगवेगळ्या कचरापेट्या ठेवायची सक्ती, रद्द. मांसावर कर, रद्द. गाडीत किती जणांनी बसावं यावर सरकारी हस्तक्षेप, रद्द. यातलं एकही धोरण लागू नव्हतं! नसलेली भिंत पाडून हात झटकले. त्याच भाषणात खरा निर्णय होता, नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांची विक्रीबंदी २०३० वरून २०३५ वर ढकलण्याचा. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत अर्धा वेळ सात पेट्या होत्या का नव्हत्या यातच गेला.

आणि या सगळ्याचं निमित्त काय, तर जुलैमधली अक्सब्रिजची पोटनिवडणूक. लंडनच्या जुन्या गाड्यांवरच्या रोजच्या साडेबारा पौंडांच्या आकारामुळे मजूर पक्ष ४९५ मतांनी हरला म्हणतात. तो आकार कार्बनसाठी नव्हताच, शहरातल्या विषारी हवेसाठी होता. त्याची मूळ योजना बोरिस जॉन्सन महापौर असतानाची, आणि रिकामी झालेली जागाही जॉन्सन यांचीच. हवेसाठीचा आकार हवामानाच्या खात्यावर मांडला गेला. पानगळ, तुमचा हवा-हवामान घोळ इंग्रजीतही झाला बघा.

पानगळ

हाहा, वडिलांना दाखवते.

शंकासुर

सगळी उदाहरणं अशी येतायत की जणू कर उत्तमच होता आणि लोक भोळे, फसले. फ्रान्स विसरलात? नोव्हेंबर २०१८, पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले. डिझेलवर जानेवारीपासून लिटरला साडेसहा सेंट वाढणार होते. त्याच सरकारने वर्षभर आधी श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून टाकला होता. कामासाठी रोज साठ किलोमीटर गाडी हाकणाऱ्याला हे दोन निर्णय शेजारी शेजारी दिसतात. तो फसला नाही, त्याने बरोबर बेरीज केली. सरकारने डिसेंबरमध्ये वाढ मागे घेतली. ‘तुम्हाला जगाच्या अंताची चिंता, आम्हाला महिन्याच्या अखेरीची’ असं तिथले लोक म्हणाले. यात हवामान नाकारणारं काय आहे?

आणि ताई, तुमच्या ११२० डॉलरबद्दल. तो मिळण्याचा आकडा झाला, दिलेल्याचा कुठे आहे? कॅनडाच्या संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने दोन गणितं मांडली होती. नुसता दिलेला कर आणि मिळालेला परतावा बघितला तर बहुतेक कुटुंबं फायद्यात. पण नोकऱ्या आणि उत्पन्नावरचा परिणाम धरला तर बरीच तोट्यात. तुम्ही पहिलंच सांगितलंत.

रात्रपाळी

पकडलंत. दुसरं गणित मला माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. लेख लांबतोय असं स्वतःला सांगितलं, पण खरं कारण ते माझ्या मुद्द्याला अडचणीचं होतं.

मात्र तुम्हीही गोष्ट अर्धीच सांगितलीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या कार्यालयाने कबूल केलं की दुसऱ्या गणितात त्यांनी मोठ्या उद्योगांवरचा वेगळा कार्बन आकारही चुकून धरला होता. ऑक्टोबरमध्ये सुधारित अंदाज आला, त्यात तोटा कमी झाला. मधल्या काळात एका बाजूने पहिलं गणित वाचायचं, दुसऱ्या बाजूने दुसरं, दोघेही ‘स्वतंत्र कार्यालय म्हणतं’ असं म्हणूनच. चूक कबूल केल्याची बातमी किती जणांनी छापली? माझ्या पानावर नव्हती.

मीटरवाला

अहो, आमच्याकडेही दुरुस्तीचं बिल कुणी उघडत नाही.

धूमकेतू

शंकासुरांचा फ्रान्सचा मुद्दा धरूनच स्वित्झर्लंड. तिथे लोकांनाच दोनदा विचारलं. जून २०२१ मध्ये कार्बन कायदा, त्यात इंधन महागणार, विमानाच्या तिकिटावर आकार. ५१.६ टक्क्यांनी पाडला. जून २०२३ मध्ये पुन्हा हवामान कायदा, २०५० पर्यंत निव्वळ शून्य, पण यात नवा कर नाही, जुनी हीटिंग यंत्रणा बदलायला अनुदान. ५९ टक्क्यांनी पास. दोन वर्षांत तिथलं विज्ञान बदललं नव्हतं. ज्या बाजूने पैसा वाहतो ती बाजू बदलली.

तिरकस

म्हणजे काठी नको, गाजर चालेल. पण गाजर कुणाच्या मळ्यातलं? अनुदानही करातूनच येतं ना.

धूमकेतू

येतं. पण त्याची ओळ बिलावर नसते. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात नेमकं हेच केलं, मुख्यतः करसवलती आणि अनुदानं, नावात हवामानाचा ‘ह’ नाही, नाव महागाई कमी करण्याचं. तरी २०२५ च्या जुलैत त्यातला मोठा भाग छाटला गेलाच. तेव्हा गाजरही अमर नाही.

पारंबी

थोडं वेगळं, पण अवांतर नाही. आपण इथे देशातल्या देशात कुणी भरायचं ते बोलतोय. देशादेशांतलं भांडण याच जातीचं आहे. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी विचारलं होतं की गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंत देशातल्या मोटारीचा धूर एकाच वहीत कसा मांडता? जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीसाठीचं उत्सर्जन वेगळं मोजा. पुढच्याच वर्षी रिओच्या हवामान करारात ‘सामाईक पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व आलं. आणि १९९७ मध्ये, क्योटोच्या हवामान कराराआधीच, अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की विकसनशील देशांवर बंधन नसेल असा करार नको. एकही मत विरोधात नाही! यात दोन्ही पक्ष आले.

आता युरोप आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतांवर सीमेवरच कार्बनचा आकार लावतोय, पूर्ण अंमल जानेवारी २०२६ पासून. युरोपच्या दृष्टीने न्याय्य, आमच्या कारखान्याला जो भुर्दंड तोच बाहेरच्याला. निर्यात करणाऱ्या देशाच्या दृष्टीने हा मागच्या दाराने लावलेला जकात नाका. एकच ओळ, दोन बिलं.

शंकासुर

पारंबी, या प्रतिसादावर आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीही म्हणणं नाही.

तिरकस

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

मीटरवाला

सीमेवरच्या आकाराचा पैसा कुणाला परत जातो का, की तोही खात्यात विरघळतो?

पारंबी

बराचसा युरोपीय संघाच्या तिजोरीत जायचा आहे. ज्या देशातून माल आला तिथे परत पाठवावा, अशी मागणी अनेकांनी केली होती. तशी तरतूद नाही.

रात्रपाळी

आठ दिवसांनी धागा वर काढते आहे, माफ करा.

काल रात्री एजन्सीची कॉपी आली, कार्बनच्या किमतीवरची, आणि जागा पुन्हा दोन कॉलमी, पुन्हा तेरा अक्षरं. या वेळी आधी शेवटचा परिच्छेद वाचला. मथळा दिला ‘कर, पण परताव्यासह’. मोजून बघा, स्वल्पविराम धरून बरोबर तेरा. मुख्य उपसंपादक मागून आले, वाचलं, ‘परतावा कशाचा? लोकांना कळणार नाही’ म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच दिलाय. त्यांनी घड्याळ बघितलं आणि जाऊ दिलं.

शेवटच्या आवृत्तीत स्वल्पविराम गळलाय.

शंकासुर

मग बाराच झाली की. एक अक्षर वाया घालवलंत.